झाड सगळ्यात शेवटी घ्या: पश्चिमेच्या छोट्या बाल्कनीतली बाग

कांदिवलीहून एका ताईंनी मेच्या पहिल्या आठवड्यात विचारलंय: सहावा मजला, पश्चिमेची बाल्कनी, नऊ फूट लांब, साडेतीन फूट रुंद, बाहेरून लोखंडी ग्रिल. दोन वर्षांत गुलाब, मोगरा, मिरची आणि तीन तुळशी गेल्या, रोज पाणी घालूनही. आता पुन्हा सुरुवात करायची आहे. कोथिंबीर-मिरची घरची व्हावी, थोडी पालेभाजी मिळावी, देवाला चार फुलं मिळावीत. खालच्या मजल्यावरच्या लोकांची पाणी ठिबकण्याची तक्रार आहे, आणि सासऱ्यांना बाल्कनीवरच्या वजनाची काळजी वाटते. जुन्या कुंड्या आणि माती तशीच पडून आहे, तिचं काय करायचं, हेही विचारलंय.

ताई, ‘रोज पाणी घालूनही गेली’ या वाक्यातला ‘ही’ काढून एकदा वाचा. रोज पाणी घालून गेली. गेली अठरा वर्षं मी लोकांच्या बाल्कन्या लावून देते, त्याआधीपासून मुलुंडला माझी स्वतःची आहे, आणि मुंबईत तहानेने मेलेली कुंडी मला क्वचित दिसते. मेलेलं झाड उपटून बघितलं की बहुतेक वेळा मुळं काळी, लिबलिबीत झालेली असतात आणि मातीला गटाराचा वास येतो. शेतकऱ्यांकडे यासाठी फार नेमका शब्द आहे, वाफसा. मातीत ओल आहे, पण हवाही आहे, मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोट लावलं की फुटतो, तो वाफसा. मुळांना पाण्याइतकाच श्वास लागतो. कुंडीत वाफसा टिकवता आला की बाकीचं हळूहळू जमतं.

म्हणून मी सगळ्यांना उलट्या क्रमाने काम करायला सांगते. आधी ऊन मोजा, मग पाणी जायची वाट करा, मग माती. झाड सगळ्यात शेवटी. आपण नर्सरीत जातो, फुलांनी भरलेलं रोप आवडतं, घरी आणतो आणि मग त्याला जागा शोधतो. तिथेच चुकतं.

ऊन मोजायला खडू पुरतो. सुट्टीच्या दिवशी दर तासाला बाल्कनीत जा आणि जमिनीवर ऊन कुठपर्यंत आलंय तिथे रेघ मारून वेळ लिहा. तुमच्याकडे पश्चिम आहे, म्हणजे मेमध्ये साधारण एकच्या सुमारास ऊन आत यायला लागेल आणि सूर्य मावळेपर्यंत राहील, समोर टॉवर नसेल तर. पाच-सहा तास थेट ऊन पडणारी जागा मिरची, मोगरा, जास्वंद, झेंडू यांची. तीन-चार तासांची जागा पालेभाजी, पुदिना, अबोली, कढीपत्ता यांना चालते. दोन तासांपेक्षा कमी असेल तिथे मिरचीचं रोप ठेवलं तर ते फक्त उंच आणि फिकट होत जातं, त्याला मिरची लागत नाही. कितीही खत घाला. ग्रिलच्या पट्ट्यांची आणि वाळत घातलेल्या कपड्यांची सावलीही मोजा. मी बघितलेल्या निम्म्या बाल्कन्यांमध्ये ऊन चादरी खातात.

इथे एक गोष्ट इतर दिशांच्या वाचकांसाठीही सांगते. मुंबई 19 अंश अक्षांशावर आहे. दरवर्षी 15-16 मे आणि 27-28 जुलैच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दुपारी चक्क उत्तरेला असतो. त्यामुळे उत्तरेच्या बाल्कनीत मेमध्ये छान ऊन दिसतं. लोक त्या भरवशावर मोगरा आणतात आणि ऑक्टोबरपासून पुढच्या वसंतापर्यंत तिथे उन्हाची तिरीपही येत नाही. दक्षिणेच्या बाल्कनीचं नेमकं उलट, तिथे मेमध्ये कोरडी सावली आणि डिसेंबरमध्ये घराच्या आतपर्यंत ऊन. तुमची पश्चिम वर्षभर बऱ्यापैकी ऊन देईल, पण थंडीत सूर्य नैऋत्येला मावळतो, म्हणून खडूच्या रेघा डिसेंबरमध्ये पुन्हा मारा.

आता पाणी. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पश्चिमेची बाल्कनी म्हणजे हा पाऊस वाऱ्यासकट थेट तोंडावर घेणार. कुंडीला तळाशी एकच बारीक भोक असेल तर ते मातीने आणि मुळांनी बुजतं. करंगळी जाईल एवढी चार-पाच भोकं हवीत. प्लास्टिकच्या कुंडीला गरम सळईने किंवा ड्रिलने पाडता येतात. आणि कुंडी जमिनीवर सपाट टेकवू नका, दोन फरशीचे तुकडे किंवा विटांचे अर्धुके खाली द्या. तळाला हवा लागली पाहिजे.

तळात खडे-विटांचे तुकडे भरायचे की नाही, हे मला हमखास विचारतात. नर्सरीवाला भरायला सांगतो, आईही सांगायची. मी ते बंद केलं, आणि का ते तुम्ही मोरीत पाच मिनिटांत स्वतः बघू शकता. भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी गळायला लागेल. न पिळता. स्पंजाच्या तळाशी पाण्याचा एक थर धरून राहतो आणि स्पंज जितका उंच, तितका वरचा भाग मोकळा होतो. कुंडीतली माती असंच वागते. तळात तीन इंच खडे भरले की तो ओला थर तीन इंच वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. शिवाय वजन वाढतं ते वेगळंच. भोकावर एक खापरी किंवा नारळाच्या किशीचा तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. बाकी पूर्ण कुंडी मातीचीच भरा.

वजनाबद्दल तुमच्या सासऱ्यांचं बरोबर आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. 12 इंची कुंडीत साधारण 15 लिटर माती मावते. नुसती लाल माती भरून पाणी घातलं तर ती एक कुंडी 25 किलोच्या पुढे जाते. आजकाल इमारतीचा आराखडा करताना निवासी बाल्कनीसाठी प्रति चौरस मीटर सुमारे 300 किलो भार धरतात, पण त्यात तिथे उभी राहणारी माणसं, वॉशिंग मशीन, झोपाळा सगळं आलं, आणि तो आकडा धड असलेल्या स्लॅबचा आहे. तुमच्या बाल्कनीच्या खालच्या बाजूला सिमेंटचे पापुद्रे सुटलेत का, गंजलेली सळई दिसते का, ते खालच्यांच्या घरातून एकदा बघून या. दिसत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत एकही कुंडी नको. ठीक असेल तर जड कुंड्या घराच्या भिंतीला आणि दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत, हलक्या मध्ये. बाहेरच्या कडेला ओळ लावू नका, कारण पुढे आलेल्या स्लॅबवर सगळ्यात जास्त ताण त्याच वजनाचा येतो. ग्रिलच्या पट्ट्यांवर कुंडी ठेवायला मी कोणालाच सांगत नाही. ग्रिल भिंतीत रुतवलेल्या चार-सहा खिळ्यांवर उभी असते आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत ते खिळे आतून गंजतात. कठड्यावर तर अजिबात नको. सहाव्या मजल्यावरून एक किलोची कुंडी पडली तरी खालून जाणाऱ्या माणसाचा जीव जातो. जुलैत पश्चिमेचा वारा काय असतो ते तुम्ही बघितलंय.

म्हणून माती हलकी करायची. मी एक भाग चाळलेली लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घेते. 12 इंची कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड, आणि मिळाला तर दोन ओंजळी भाताचा तूस. अशी कुंडी ओली झाल्यावरही लाल मातीच्या कुंडीच्या जवळपास निम्म्या वजनाची राहते. कोकोपीटची 5 किलोची वीट भिजवली की 60-70 लिटर होते, तुमच्या बाल्कनीला एक पुरेल. मात्र ती दोन-तीन पाण्यांतून धुऊन, पिळून घ्या. त्यात क्षार असतात आणि कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा त्याने करपतात. शेणखत हातात घेऊन वास घ्या. मातीसारखा वास आला तर घ्या, शेणासारखा आला तर ते अजून कच्चं आहे.

हलक्या मातीची वाट महाराष्ट्रात जुनीच आहे. शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या ‘प्रयोग परिवार’ या गटाच्या श्रीपाद दाभोळकरांनी वाळलेला पाला, शेण, गोमूत्र आणि गूळ यांच्यापासून अमृतमाती करायला शिकवलं, जी बहुतांशी पाल्याचीच असते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला कचरा जिरवून बाग उभी केली. गच्चीवर नुसती माती टाकून हे झालं नसतं. तुमच्या सोसायटीच्या आवारात बदाम, पेल्टोफोरम, वड काहीतरी असेलच. सफाईवाल्या दादांना सांगून वाळक्या पाल्याची एक गोणी मिळवा. हाताने चुरून मातीवर दोन बोटं जाडीचा थर दिला की मेच्या उन्हात कुंडी लवकर वाळत नाही.

आता खालच्यांची तक्रार. हे माझ्याही हातून झालंय. एका मेमध्ये मी सकाळी घाईत सगळ्या कुंड्यांना पाइपने पाणी घातलं आणि खालच्या काकूंनी बाल्कनीत चादरीवर घातलेल्या कुरडयांवर लाल पाणी पडलं. दोन दिवसांची त्यांची मेहनत गेली. त्या मला काही बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मी पाइप काढून टाकला आणि झारी आणली. आजही झारीच वापरते. पाणी हळू घालायचं, थोडं थांबून पुन्हा, आणि भोकातून पहिले थेंब दिसले की थांबायचं. कोरड्या महिन्यांत कुंडीखाली ताटली ठेवा आणि अर्ध्या तासाने त्यातलं पाणी ओतून टाका. लांबट कुंड्यांना खाली एक लांब ट्रे, त्याच्या एका टोकाला भोक पाडून बारीक नळी आणि ती बादलीत. बाल्कनीला जाळीचं भोक आणि उताराचा पाइप असेल तर तो आधी साफ करून घ्या, त्यात नेहमी पानं अडकलेली असतात. आणि खालच्यांना एकदा जाऊन सांगून या की अशी सोय केली आहे. पहिली अळूवडी त्यांच्याकडे गेली तर आणखी बरं.

जूनमध्ये मात्र सगळ्या ताटल्या काढून, घासून, कपाटात ठेवायच्या. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, काथ्याने घासावं लागतं. मनीप्लँटची बाटलीही आठवड्याला घासा. पालिकेचे लोक तपासायला येतात ते कुंड्यांखालच्या ताटल्याच आधी बघतात.

पाणी रोज घालायचं की नाही, याचं उत्तर कॅलेंडरमध्ये नाही, बोटात आहे. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. आत ओल लागली तर आज पाणी नाही. मेच्या पश्चिमेच्या उन्हात मिरचीला रोज लागेल, कधी दोनदाही. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस हातही लावावा लागणार नाही. ऑक्टोबरची काहिली सुरू झाली की पुन्हा रोज बघायचं, कारण पावसाळ्याच्या सवयीने आपण विसरतो आणि तेव्हा खरंच झाडं सुकतात. मेमध्ये गावाला जायचं असेल तर सगळ्या कुंड्या घराच्या भिंतीला सावलीत एकत्र करा, मध्ये पाण्याची झाकलेली बादली आणि तिच्यातून प्रत्येक कुंडीत जाड सुती दोरीचं एक टोक. आठ दिवस निघतात. जाण्याआधी दोन दिवस करून बघा.

तुमच्या तुळशींबद्दल वेगळं सांगते. अंघोळ झाल्यावर तांब्याभर पाणी तुळशीला घालायचं हा आपला नेम आहे, तो मोडायला मी सांगणार नाही. पण हा नेम अंगणातल्या वृंदावनाचा आहे. तिथे खाली जमीन होती, ऊन-वारा होता. आठ इंची कुंडीला रोज तांब्याभर पाणी, वर घरातल्या आणखी दोन माणसांचं वेगळं, म्हणजे तिची मुळं कायम बुडालेली. पळीभर पाणी घाला, नमस्कार करा, आणि उरलेलं तांब्यातलं पाणी मातीत बोट घालून बघून ज्या झाडाला हवं त्याला द्या. दिवा कुंडीत न ठेवता बाजूला ठेवा. आणि मंजिऱ्या हिरव्या असतानाच खुडत जा. मंजिऱ्या पिकल्या की तुळस आपलं काम झालं असं समजून सुकायला लागते. दोन-चार मंजिऱ्या मात्र पिकू द्या, त्या चुरून दुसऱ्या कुंडीत टाका. तुळस फार वर्षं जगणारं झाड नाही, मागून येणारं रोप तयार ठेवावं लागतं.

झाडं कुठली, हे आता. मेमध्ये कोथिंबीर पेरू नका. गरमीत धने नीट उगवत नाहीत, उगवले तरी लगेच फुलावर येतात, आणि जूनच्या सरींनी रोपं आडवी पडून कुजतात. कोथिंबिरीचा मोसम दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत. तेव्हा धने पोळपाटावर लाटण्याने हलके दाबून दोन फाकळ्या करा, रात्रभर भिजवा आणि सहा इंच खोल ट्रेमध्ये दाट पेरा. आठ-दहा दिवसांत वर येतात.

आत्ता पेरायची ती समुद्रमेथी. मुंबईच्या बाजारात मुळासकट वाळू लागलेल्या चिमुकल्या जुड्या मिळतात, तीच. ती किनाऱ्याच्या वाळूत उगवतात म्हणून हे नाव, वेगळी जात काही नाही, आपली डब्यातली मेथीच. कोळणीकडे मागितला तर माशांचा थर्माकोलचा खोका मिळतो, तो साबणाने धुऊन तळाला भोकं पाडा आणि चार बोटं बांधकामाची वाळू, नीट धुतलेली, त्यात भरा. रात्रभर भिजवलेली मेथी वाळूवर एकाला एक लागेल अशी पसरा, वर वाळूचा पातळ थर, ओलं फडकं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरी शेपटी दिसते आणि मेथीदाणे वाळू ढकलून वर येतात, पूर्ण खोका एकदम उचलल्यासारखा दिसतो. तेव्हा फडकं काढा आणि सकाळचा उजेड लागेल पण दुपारचं ऊन लागणार नाही अशा जागी सरकवा. दहाव्या-बाराव्या दिवशी मुळासकट उपटून, धुऊन, लसणाच्या फोडणीवर परता. दोन वर्षं निराश झालेल्या माणसाला मी सगळ्यात आधी हीच पेरायला देते. खतही लागत नाही, बियातलंच अन्न पुरतं.

मे अखेरपर्यंत ओली हळद लावा. डोळे फुगलेलं दोन बोटांएवढं कांड, 12 इंची ग्रो बॅगमध्ये दोन इंच खोल. श्रावणात पातोळ्यांना आणि गौरी-गणपतीत मोदकांखाली घालायला स्वतःची हळदीची पानं मिळतील. जानेवारी-फेब्रुवारीत पानं वाळली की बॅग उपडी करायची. हिला अर्धं ऊन चालतं, कीड फारशी लागत नाही. तिच्या शेजारी वडीच्या अळूचा कंद. काळ्या देठाचाच घ्या, भाजीच्या अळूच्या वड्या घशाला खाजतात. अळूला पाय ओले आवडतात, तेव्हा ज्या कोपऱ्यात पावसाचा मारा सगळ्यात जास्त तिथे त्याला ठेवा. ग्रिलवर मायाळू चढवा. बाजारातल्या जुडीतले दोन जाड देठ खोचले तरी फुटतात, आणि जुलैत ग्रिल हिरवी होते. भज्यांना, डाळीत, कशातही जाते. लाल माठ पावसाने उघडीप दिली की पेरा. पानओवा, गवती चहा, पुदिना हे तिन्ही कुंडीत सोपे, फक्त पुदिना स्वतंत्र कुंडीत, नाहीतर तो शेजाऱ्याला जगू देत नाही.

मिरचीचं रोप सप्टेंबर अखेरीला आणा. पावसात तिची फुलं गळतात आणि आपलं मन खट्टू होतं. गणपतीनंतर लावलेली मिरची थंडीभर देते. तिची पानं आकसून वर किंवा खाली वळायला लागली की त्याला बोकड्या म्हणतात, पानाखाली फुलकिडे किंवा कोळी (माइट) असतात, इतके बारीक की पांढऱ्या कागदावर पान झटकल्याशिवाय दिसत नाहीत. शेंडे खुडून टाका आणि एक लिटर कोमट पाण्यात 5 मिलि निमतेल आणि दोन-चार थेंब भांड्यांचा लिक्विड साबण घुसळून पानांच्या खालच्या बाजूला फवारा. ऊन उतरल्यावरच. दुपारच्या पश्चिमेच्या उन्हात तेल फवारलं तर पान भाजतं. तीन फवारण्यांनी, दर पाच-सहा दिवसांनी एक, सुधारलं नाही तर रोप काढून टाका. बाजूची वाचतील. जास्वंदीवरच्या कापसासारख्या पिठ्या ढेकणाला मी आधी पाण्याच्या जोराने धुते आणि मगच निमतेल.

देवाच्या फुलांसाठी पहिल्या वर्षी जास्वंद, अबोली आणि सदाफुली. दसऱ्याच्या तोरणाला झेंडू हवा असेल तर अडीच महिने आधी बी पेरायचं, मागच्या वर्षीच्या वाळलेल्या माळेतलं बीही चालतं, फुलं मात्र आईसारखीच येतील असं नाही. मोगरा दुसऱ्या वर्षी. त्याला पश्चिमेचं ऊन आवडेल, पण डिसेंबर-जानेवारीत निर्दयपणे छाटावा लागतो, तरच उन्हाळ्यात फुलतो, आणि ते धैर्य पहिल्या वर्षी होत नाही.

गुलाब का मेला असावा तेही सांगते. नर्सरीतला गुलाब काळ्या पिशवीत चिकणमातीच्या घट्ट गोळ्यासकट येतो. आपण तो गोळा तसाच भुसभुशीत मातीत ठेवतो. पाणी बाजूच्या मऊ मातीतून सरळ निघून जातं आणि गोळ्याचा गाभा एकतर दगडासारखा कोरडा राहतो किंवा एकदा भिजला की आठ-आठ दिवस वाळत नाही. पिशवी कापल्यावर गोळा अर्धा तास बादलीत भिजवा आणि बोटांनी बाहेरची माती मोकळी करा, मुळं दिसतील इतपत. हे थंडीतच करायचं, म्हणून गुलाब नोव्हेंबरच्या आधी आणू नका. रोपं विकत घ्यायच्या आधी जमलं तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत पालिकेचं झाडा-फुलांचं प्रदर्शन थंडीच्या शेवटी भरतं, ते बघून या. कुंडीत काय काय वाढतं ते डोळ्यांनी दिसतं.

कबुतरं पहिल्या आठवड्यात सगळी रोपं उपटतील, किंवा रिकाम्या कुंडीत घरटं करतील. हिराच्या झाडूच्या काड्या टोकं वर करून मातीत दाट खोचा, रोपं वीतभर होईपर्यंत. त्यांची वाळलेली घाण कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडा, नाकाला फडकं बांधा, मग पुसून घ्या.

खताबद्दल फार लिहीत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर कुंडीतलं खत धुऊन जातं, म्हणून एकदम भरपूर घालण्यापेक्षा पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत द्या. साडेतीन फुटी बाल्कनीत पहिल्याच वर्षी कचऱ्यापासून खत करायला घेऊ नका. भाज्यांची सालं थेट कुंडीत पुरली तर झुरळं आणि चिलटं येतात, मागोमाग उंदीर. 2017 पासून पालिकेने मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं आहे, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी खत तयार होऊन पडून असतं. तुमच्या किंवा शेजारच्या सोसायटीत विचारा. तांदूळ धुतलेलं पाणी घाला, चांगलं. मासे धुतलेलं पाणी कढीपत्त्याला मानवतं, पण दुप्पट साध्या पाण्यात मिसळून, आणि मातीवर पाला असेल तेव्हाच, नाहीतर मुंग्या आणि मांजर. पश्चिमेचं दार दिवसभर उघडं असतं, वासाचाही विचार करा.

राहिली जुनी माती. ती फेकू नका. कुंड्या उपड्या करून मुळं वेचून काढा. माती जुन्या चादरीवर पातळ पसरून आठ-दहा दिवस या मेच्या उन्हात करकरीत वाळू द्या, मधून मधून हात फिरवा. हुमणीच्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर काढून टाका. मग तीच माती मी वर सांगितलेल्या मिश्रणातली लाल माती म्हणून वापरा. रिकाम्या कुंड्या आतून काथ्याने घासून, उन्हात उपड्या ठेवून, भोकं मोठी करून घ्या. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत पाऊस येण्याची सरासरी तारीख 11 जून आहे. त्याआधी माती वाळायला हवी आणि हळद जमिनीत, म्हणजे बॅगेत, जायला हवी. मेथी आज रात्रीच भिजत घाला.